हमीची खोली

'हमी' हा शब्द कुणी उच्चारला की मी आधी कागद उलटून बघते. सवयच लागलीय. सोळा वर्षं झाली, वॉशिंग मशीन आणि फ्रिज विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या काउंटरवर बसते. लोक हमीपत्र घेऊन येतात. पुढच्या बाजूला ठसठशीत अक्षरांत 'पाच वर्षांची संपूर्ण हमी'. मी पत्र उलटते आणि मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांतलं नेमकं ते कलम त्यांना दाखवते, ज्यामुळे त्यांच्या हाती काही लागणार नसतं. कुणी मशीन भिंतीला चिकटवून ठेवलेलं असतं, कुणी शेजाऱ्याकडून स्क्रू उघडून घेतलेला असतो. "आता कंपनी काही करू शकत नाही," मी म्हणते आणि पाण्याचा ग्लास पुढे करते. ग्लास द्यायचा नियम आहे.

तर अशा माझ्या घरी कॉलेजचं पत्र आलं. मुलीला भूगर्भशास्त्राला प्रवेश मिळाला होता. हिला लहानपणापासून दगडांचं वेड. इतर मुली गजरे, बांगड्या जमवतात, ही धोंडे. नाव तिचं चांगलं आहे, पण घरात ठेंगू म्हणतो, कारण जन्मली तेव्हा वीतभर होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. तिने पत्र मोठ्याने वाचलं, आणि शेवटच्या ओळीला तिचा आवाज चढला: "नव्याने प्रवेश घेतलेल्या सर्व विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी कॉलेजच्या आवारात निवासाची हमी देण्यात येत आहे."

"आण इकडे," मी म्हटलं.

"आई, अगं हमी दिलीय त्यांनी!"

"म्हणूनच आण."

आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती, आणि ती मीच ठरवली होती. कॉलेज चार तासांवर. आवारात खोली मिळाली तर ठेंगू जाईल. नाही मिळाली तर इथल्याच कॉलेजात, मिळेल तो विषय घेऊन शिकेल. इथे भूगर्भशास्त्र नाही. परक्या शहरात कुणाच्या तरी माळ्यावर एकटी पोर मी ठेवणार नव्हते, मग कुणी मला जुनाट म्हणो नाहीतर आणखी काही. म्हणजे त्या एका खोलीवर तिचं सगळं अडलं होतं. हे तिलाही ठाऊक, तिच्या बाबांनाही ठाऊक.

बाबा म्हणजे आमचे हे. चष्म्याच्या दुकानात असतात. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बदलत "आता? आता नीट दिसतंय?" असं विचारतात. माणूस इतका शांत की कधी कधी राग येतो. मी लाल पेन घेऊन पत्राला बसले तेव्हा ते म्हणाले, "अगं, शिक्षणसंस्था आहे ती. मशीनची कंपनी नव्हे."

"हमी देणारे सगळे एकाच शाळेत शिकलेले असतात," मी म्हटलं. "हे बघा. 'निवासाची हमी'. खोलीची म्हटलंय का? नाही. निवास म्हणजे काय? जिन्याखाली गादी टाकली तरी निवासच. 'आवारात' म्हणजे कुठे? आवार किती मोठं आहे कुणाला माहीत. 'पहिल्या वर्षी' म्हणजे वर्षभर, की वर्षात कधीतरी? आणि 'देण्यात येत आहे'. कोण देतंय? कुणाचं नाव आहे का?"

"सही आहे ना खाली."

"सही वाचता येतेय का तुम्हाला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं नेहमीचं. बोलायचं नसलं की काच पुसायला घेतात.

मागच्या बाजूला अकरा अटी होत्या. त्या मी तीनदा वाचल्या. प्रत्येक अटीखाली लाल रेघ आणि कडेला माझा शेरा. कुठे 'मोघम', कुठे 'विचारणे', दोन ठिकाणी सरळ 'पळवाट'. वाचून झाल्यावर कागद लालेलाल झाला होता. ठेंगूने तो बघितला आणि तिचं तोंड एवढंसं झालं. "आता मी जाण्यासारखं यात काही राहिलंय का गं?" म्हणाली. मी म्हटलं, घाबरतेस काय, मी आहे ना. डोळ्यांत तेल घालून बघणारं कुणीतरी हवं की नको घरात?

दुसऱ्या दिवशी निवास कार्यालयात फोन केला. एक बाई बोलल्या. काय तो गोड आवाज! "ताई, अगदी निश्चिंत राहा. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला आम्ही खोली देतोच." माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. कारण असा आवाज मी ओळखते, मलाही कंपनीने तीन दिवस बसवून तोच आवाज काढायला शिकवलाय. 'निश्चिंत राहा' कधी म्हणायचं, तर समोरच्याला काही द्यायचं नसेल तेव्हा. मी विचारलं, एका खोलीत किती जणी? दोन. खिडकीला गज आहेत? आहेत. दार आतून बंद होतं? होतं. समजा मुली जास्त आल्या आणि खोल्या कमी पडल्या तर? "तसं होत नाही, ताई." होत नाही म्हणजे काय! आमचं मशीनही बिघडत नाही, कागदावर.

तीन दिवसांनी परत केला. चौथ्या वेळी तर मी आवाज बारीक करून मुलीची मावशी म्हणून बोलले, म्हटलं, बघू वेगळं काही सांगतात का. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या बहिणीलाही मी हेच सांगितलंय. की तुम्हीच आहात?" ठेंगू शेजारी उभी होती. ती लाजेने मान खाली घालून आत निघून गेली. मला हसू आलं. आता वाटतं, तिला येत नव्हतं.

मग आला फॉर्म. 'आवारातील निवास स्वीकारत आहे' एवढं एकच वाक्य, खाली विद्यार्थिनीची सही आणि एका पालकाची सही, दहा दिवसांच्या आत पोहोचला पाहिजे. आता आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. कारखान्यातून माल उतरला की पोचपावतीवर नुसती सही कुणी करत नाही. सहीच्या वर लिहायचं, 'तपासून स्वीकारू, तोपर्यंत हक्क राखीव'. मग खोक्यात तुटकं मशीन निघालं तरी आपण अडकत नाही. कामाला लागले तेव्हा पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं, आणि तेव्हापासून माझा हात सहीआधी आपोआप ते वाक्य लिहितो. गॅसवाल्याच्या कागदावर लिहिते, शाळेच्या प्रगतिपुस्तकावरही लिहायचे. बाई हसायच्या.

ठेंगूने आपली सही केली आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. मी लिहायला लागले.

"आई, नको ना. तिथे काही लिहू नकोस."

"का?"

"नुसती सही मागितलीय त्यांनी."

"नुसती सही मागतात तेव्हाच लिहायचं असतं. न बघता होकार दिला आणि उद्या जिन्याखाली गादी दाखवली तर काय करशील? तुझ्या धोंड्यांत डोकं घालून बसशील. सोळा वर्षं मी हेच बघतेय, ठेंगू. कोण बुडतं ते मला विचार."

ती बाबांकडे बघायला लागली. बाबा काच पुसत होते. मी सहीच्या वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'खोली प्रत्यक्ष पाहून, तपासून स्वीकारू, तोपर्यंत सर्व हक्क राखीव', खाली सही ठोकली, आणि स्वतः पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. लेकीसाठी काहीतरी पक्कं केलं असं वाटलं.

त्यानंतर मात्र घरात काहीतरी शिजायला लागलं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की बापलेकीचं बोलणं थांबायचं. ठेंगू म्हणायची, "काही नाही, दगडांचं बोलत होतो." हिचे बाबा आणि दगडांचं? त्या माणसाला वाळू आणि खडीतला फरक कळत नाही. एकदा दुकानाच्या वेळात हे घरी आले होते असं शेजारणीने सांगितलं. विचारलं तर म्हणाले, पाकीट विसरलो होतो. पाकीट त्यांच्या मागच्या खिशात वीस वर्षं शिवल्यासारखं असतं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि कॉलेजचं उत्तर येईना. फोन केला तर गोड बाई म्हणाल्या, "फॉर्म पोहोचलाय, ताई. पुढचं पत्र थेट मुलीच्या ईमेलवर जाईल, तिला विचारा." ठेंगूला विचारलं तर, "येईल गं, घाई काय आहे?" घाई काय आहे! जिचं सगळं त्यावर अडलंय ती मुलगी खुशाल पांघरुणांच्या घड्या घालत होती, बॅगेत काय काय न्यायचं त्याची यादी करत होती. मला भलभलते विचार यायला लागले. हिने परस्पर बाहेर कुठे खोली बघितली का? कुणी मैत्रीण, की कुणी मित्र? बाबा सामील आहेत का? एकदा ती अंघोळीला गेली असताना मी तिची यादी उघडून वाचली. टॉवेल, साबण, हातोडी, भिंग. हातोडी दगडांसाठी. यादी घडी घालून होती तशी ठेवली, आणि स्वतःचीच चीड आली. पण संशय काही गेला नाही.

मग तो मंगळवार. काउंटरवर एक निवृत्त गृहस्थ आले, फ्रिज थंड होत नाही म्हणून. त्यांचं हमीपत्र मी हातात घेतलं. त्यावर त्यांनी निळ्या पेनने लिहिलं होतं, 'फ्रिज चालवून पाहिल्यावर समाधान झाल्यास मान्य.' मी पत्र उलटलं आणि नववं कलम दाखवलं. "हमीपत्रावर शेरा किंवा अट लिहिली की हमी संपते. तुम्ही लिहिलंत, आता कंपनी काही करू शकत नाही."

"अहो, पण मी तर सावधगिरी म्हणून लिहिलं," ते म्हणाले.

"सावधगिरी असेल. पण अट घालून दिलेला होकार हा होकार..."

ग्लास पुढे करायचा राहिला. ते गृहस्थ मलाच विचारायला लागले, बरं वाटत नाही का म्हणून. त्यांनीच मला पाणी दिलं.

घरी येऊन कपाटातलं कॉलेजचं पत्र काढलं, उलटलं. सातवी अट. 'स्वीकारपत्रावर कोणतीही अट अथवा शेरा लिहिल्यास ते ग्राह्य धरले जाणार नाही व निवासाची हमी संपुष्टात येईल.' खाली माझ्याच दोन लाल रेघा. कडेला माझ्याच अक्षरात 'पळवाट'. म्हणजे मी ते वाचलं होतं! तीनदा वाचलं होतं! पण वाचलं कसं, तर हे लोक आपल्याला कसे फसवतील ते शोधत. आपण काय करायचं नाही, ते मी बघितलंच नव्हतं. मुदत उलटून तीन आठवडे झाले होते. माझ्या हाताने मी पोरीची खोली घालवली होती.

घरात कुणाला काही सांगितलं नाही. तोंडच नव्हतं सांगायला. सकाळी नेहमीसारखी डबा घेऊन निघाले, ऑफिसला रजा कळवली आणि नऊची बस धरली. चार तास एकच विचार, काय बोलायचं. पाया पडू? रागवू? रागावून काही मिळत नाही, ते मला चांगलंच ठाऊक आहे. माझ्यावर रोज कुणी ना कुणी रागावतं, आणि मी कधी कुणाला काही दिलेलं नाही. रडणाऱ्यांनाही नाही.

निवास कार्यालय म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली, तीन टेबलं, भिंतीवर किल्ल्यांची फळी. गोड आवाजाच्या बाई माझ्याच वयाच्या निघाल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी नाव सांगितलं. त्यांनी चटकन वर बघितलं आणि म्हणाल्या, "बसा ना, ताई." आम्हीही 'नाही' म्हणायच्या आधी बसायला सांगतो.

"माझ्याकडून चूक झाली," मी म्हटलं. सोळा वर्षांत हे वाक्य मी ऐकलं होतं, म्हटलं नव्हतं. "फॉर्मवर मी शेरा लिहिला. मुलीने नको म्हटलं होतं. तिचा दोष नाही. तुमच्या नियमात बसत नाही, मला माहीत आहे, मी असेच नियम लोकांना दाखवते. पण काहीतरी करा. एखादी खोली रिकामी असेल, कुणी आलं नसेल. तिचं शिक्षण यावर आहे हो."

बाईंनी फाइल काढली. "अहो, तुमच्या मुलीची खोली पक्की आहे. एकशे अठरा नंबर. पत्र गेलंय तिला, झाले की वीस दिवस."

"कसं शक्य आहे? माझा फॉर्म..."

"तुमचा फॉर्म रद्द धरला. पण मुदतीच्या आत दुसरा आला ना, मुलीने मागवून घेतलेला, वडिलांच्या सहीचा. एका पालकाची सही पुरते आम्हाला."

फाइल त्यांच्याकडे तोंड करून उघडी होती. आता काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक कला येते, समोरचा कागद उलटा वाचायची. त्यात माझा हात कुणी धरणार नाही. वर ह्यांची सही, बारीक, सरळ रेषेत, वर काहीही न लिहिलेली. आणि तिला टाचणीने लावलेली एक चिठ्ठी, ठेंगूच्या अक्षरातली. बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी चटकन तिच्यावर हात ठेवला. पण तोवर माझं वाचून झालं होतं.

'माझ्या आईचा फॉर्म आधी येईल. त्यावर काहीतरी लिहिलेलं असेल. कृपया तो धरू नका, हा धरा. आईचे फोन येतील. ती काहीही बोलली तरी कृपया माझी खोली काढून घेऊ नका. तिला यातलं काही सांगू नका, तिला वाईट वाटेल.'

"काय झालं, ताई?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "चष्मा आणायला हवा होता, काही दिसत नाही."

खोली बघायची का, असं त्यांनीच विचारलं. फळीवरची किल्ली घेऊन स्वतः आल्या. दोन पलंग, दोन टेबलं, दोन कपाटं. मी कडी लावून बघितली. गज हलवून बघितले. दिव्याची बटणं दाबली, नळ सोडला, गादी उचलून खाली बघितलं, कपाटाचे खण एकेक ओढले. खरं सांगते, एखादी खोट सापडावी म्हणून जीव तुटत होता. एक तरी बिजागरी ढिली असावी, म्हणजे घरी जाऊन म्हणता येईल, बघा, मी म्हटलं नव्हतं? काही सापडलं नाही. बाई दारात उभ्या राहून मला बघत होत्या. त्यांना माझी कीव येत होती का, कळेना. आली असती तर आवडलं नसतं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. ह्यांचा तर इतका आला की विचारू नका. वीस वर्षं एका ताटासमोर बसलो आणि हा माणूस पाकीट विसरल्याचं सांगून माझ्या मागे सह्या करतो! आणि मग राग गेला आणि नुसतं रडू आलं. जगाने लेकीला फसवू नये म्हणून मी पहारा देत होते, आणि घरातली दोघं मिळून माझ्यावर पहारा देत होती. त्यांनी पहारा दिला म्हणून खोली राहिली. माझ्या भरवशावर असती तर गेली होती.

फोन वाजला. ठेंगू.

"आई, तू कुठे आहेस? तुझ्या ऑफिसात फोन केला होता, तू रजेवर आहेस म्हणाले."

"तुझ्या कॉलेजात आलेय."

मग तिचा आवाज आला. लहानपणी दिव्याची काच वगैरे फोडली की तो असा यायचा. पण तेव्हा तिने काहीतरी केलेलं असायचं.

"आई... तू कुणाशी बोललीस? काय बोललीस तू तिथे?"

खोली मिळाली का, असं नाही. तू काय बोललीस.

"काही नाही गं बाळा," मी म्हटलं. "खोली आहे तुझी. एकशे अठरा. बघून आले. चांगली आहे. खिडकीतून टेकडी दिसते, तुझ्या कामाची."

"भांडली नाहीस ना कुणाशी?"

"नाही."

"काही लिहून दिलंस?"

"नाही, ठेंगू. काही नाही लिहिलं."

मग अगदी हळू, मला दुखवायचं नाही अशा बेताने, पण एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "आई, तिथल्या बाईंकडे फोन देतेस का जरा?"

मी उठले आणि फोन द्यायला परत आत गेले.